जुन्या कॅम्पर व्हॅनची पाण्याची लाइन: बिघाड शोधायचा कसा आणि दुरुस्त करायचा कसा?

युरोपात नोकरीला किंवा शिकायला गेलेल्या आपल्या बऱ्याच पोरांचं एक स्वप्न असतं: दोघातिघांत मिळून एक जुनी कॅम्पर व्हॅन घ्यायची आणि शनिवार-रविवारी भटकायचं. मी जर्मनीत आहे. आम्ही तिघांनी मिळून १९९८ सालची एक व्हॅन घेतली. इंजिन ठणठणीत होतं, पण पाण्याच्या लाइनची पार वाट लागलेली होती. त्यात आमच्यातल्या एकाचे आई-बाबा नाशिकहून येणार होते आणि त्यांना घेऊन आठ दिवस आल्प्समध्ये फिरायचं ठरलं होतं. म्हणजे त्याच टाकीच्या पाण्यावर सकाळचा चहा, तोंड धुणं, भांडी आणि आंघोळ सगळं होणार. त्यामुळे 'चालतंय ना, मग चालू दे' हा मार्ग बंद होता.

या लेखात ही सगळी यंत्रणा समजून घेऊ आणि बिघाड क्रमाने कसा पकडायचा ते बघू. कोड डीबग करताना आपण जे करतो तेच इथे करायचं आहे: अंदाजाने पार्ट बदलत सुटायचं नाही, एकेक शक्यता काढून टाकायची.

यंत्रणेत असतं काय काय?

आपल्या सोसायटीच्या गच्चीवर टाकी असते आणि पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं. व्हॅनमध्ये उलटं असतं. टाकी खाली, सीटच्या किंवा बेडच्या पोटात असते आणि पाणी वर चढवावं लागतं. म्हणून पंप लागतो. साधारण मांडणी अशी:

- गोड्या पाण्याची प्लास्टिकची टाकी
- १२ व्होल्टवर चालणारा पंप
- थंड पाण्याचा पाइप (बहुतेकदा निळा) आणि गरम पाण्याचा पाइप (लाल)
- गॅसवर किंवा विजेवर चालणारा छोटा हीटर
- नळ आणि शॉवर
- वापरलेलं पाणी साठवणारी वेगळी टाकी

एक गोष्ट लक्षात ठेवा, १ लिटर पाणी म्हणजे १ किलो वजन. १०० लिटरची टाकी काठोकाठ भरली की गाडीत एक जाडजूड माणूस जास्त बसल्यासारखंच आहे. जर्मनीत साध्या कारच्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचीच गाडी चालवता येते. म्हणून जाणकार लोक निघताना थोडंच पाणी घेतात आणि मुक्कामी पोचल्यावर टाकी भरतात.

पंप दोन जातींचे

दुरुस्ती सुरू करण्याआधी आपला पंप कोणता आहे ते ओळखा, कारण दोघांची दुखणी वेगळी असतात.

पहिला *बुडता पंप*. हा टाकीतच पाण्यात बुडालेला असतो, मुठीत मावेल एवढा. आत एक छोटं चक्र फिरतं आणि पाणी वर ढकलतं. युरोपातल्या जुन्या व्हॅनमध्ये हाच जास्त दिसतो. याला सुरू करणारा स्विच नळाच्या आत असतो. तुम्ही नळ उघडला की आतला मायक्रोस्विच दाबला जातो आणि पंप फिरायला लागतो. याचा दाब कमी असतो, पण पंप स्वस्त असतो.

दुसरा *प्रेशर पंप*. हा टाकीच्या बाहेर असतो, पाणी ओढून घेतो आणि पाइपमध्ये दाब धरून ठेवतो. नळ उघडला की दाब पडतो, दाबाचा स्विच ते ओळखतो आणि पंप सुरू होतो. पुण्या-मुंबईत कमी दाबाच्या फ्लॅटमध्ये बाथरूमसाठी जो प्रेशर पंप बसवतात, त्याचंच हे छोटं भावंडं समजा.

ओळखायचं कसं? सगळे नळ बंद ठेवून पॅनेलवरचा पंपाचा स्विच चालू करा. काही सेकंद घर्रर्र आवाज येऊन थांबला, तर प्रेशर पंप. काहीच आवाज नाही आणि नळ उघडल्यावरच आवाज येतो, तर बुडता पंप.

नळ उघडला, पण पाणी नाही आणि आवाजही नाही

काम सुरू करण्याआधी बाहेरून आलेली २३० व्होल्टची वायर काढून ठेवा. आपल्याला फक्त १२ व्होल्टवर काम करायचंय. आणि कुठलीही तार काढण्याआधी मोबाइलने दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. जुन्या गाडीत आधीच्या मालकांनी काय काय जोडलेलं असेल याचा नेम नसतो. हा तुमचा बॅकअप.

आता क्रमाने (हा क्रम बुडत्या पंपासाठी आहे):

१. *बॅटरी.* मल्टीमीटर लावून बघा. १२ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा.

२. *फ्यूज.* काढून बघा, आतली तार तुटलेली असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकायचा नाही. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार जळेल, आणि ती तार लाकडी फर्निचरच्या मागून गेलेली असते.

३. *दुसरा नळ उघडून बघा.* किचनचा चालत नाही पण बाथरूमचा चालतो, असं असेल तर पंप चांगला आहे. दोष किचनच्या नळातल्या मायक्रोस्विचमध्ये आहे. सगळ्या नळांचे स्विच समांतर जोडलेले असतात, त्यामुळे एक बिघडला तरी बाकीचे चालतात.

४. *स्विचला वळसा.* एकही नळ चालत नसेल, तर नळाखाली जाणाऱ्या दोन बारीक तारा शोधा. त्या स्विचपासून सुट्या करून क्षणभर एकमेकींना जोडा. पंप फिरला तर स्विच गेलाय. नाही फिरला तर पुढे चला.

५. *पंपापाशी व्होल्टेज.* टाकीचं झाकण उघडा, पंपाच्या तारांच्या जोडावर मल्टीमीटर लावा आणि कोणालातरी नळ उघडायला सांगा. तिथे जवळपास १२ व्होल्ट दिसत असूनही पंप गप्प असेल, तर पंप मेला. तो उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, सरळ नवा घ्या.

नवा घेण्याआधी खात्री हवी असेल तर पंप बाहेर काढा, बादलीभर पाण्यात बुडवा आणि मध्ये फ्यूज ठेवून थेट बॅटरीला जोडा. बादलीतही फिरला नाही, तर संशयाला जागाच राहत नाही.

पंप फिरतोय, पण धार अगदी बारीक

हा सगळ्यात फसवा बिघाड. लोक नवा पंप आणतात, तोही तसाच चालतो आणि मग 'पंपच खराब निघाला' म्हणून बसतात. खरा दोष बऱ्याचदा तारेत असतो.

थोडं गणित करू. समजा पंप ४ अँपिअर ओढतो, बॅटरीपासून ५ मीटर लांब आहे आणि तार ०.७५ चौरस मिमीची आहे. वीज जाऊन परत यायची म्हणजे एकूण तार १० मीटर. तांब्याच्या अशा तारेचा रोध साधारण ०.२३ ओहम येतो. ४ ने गुणा, म्हणजे जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच संपले. आता त्यात एखादा हिरवा पडलेला, गंजलेला जोड धरा. त्याचा रोध अर्धा ओहम जरी असला तरी आणखी २ व्होल्ट गेले. पंपाला मिळाले जेमतेम ९. घरात व्होल्टेज पडल्यावर पंखा कसा रडतखडत फिरतो, तसंच.

हा दोष पकडायचा असेल तर व्होल्टेज *पंप चालू असताना* मोजा. पंप सुटा करून मोजलं तर खराब जोडावरही १२ व्होल्ट दिसतात, कारण तेव्हा करंट वाहतच नसतो. उपाय सोपा आहे: गंजका जोड कापून टाका, नीट दाबून नवा जोड करा, पाण्याजवळच्या जोडावर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवा, आणि तार फारच बारीक असेल तर १.५ चौरस मिमीची टाका.

तारा ठीक असतील तर हे तपासा:

- बुडत्या पंपाच्या पोटात हवा अडकली आहे का? पंप पाण्याखालीच धरून हलवा, बुडबुडे निघून जातील.
- टाकीच्या आत पाइप पंपावरून सुटलाय का?
- नवीन पंपाच्या तारा उलट्या जोडल्या गेल्यात का? असा पंप उलटा फिरतो, आवाज नीट येतो, पण पाणी फार थोडं फेकतो.
- नळाच्या तोंडाची जाळी क्षारांनी बुजली आहे का?
- प्रेशर पंप असेल तर त्याच्या आधीची गाळणी उघडून धुवा.

सगळे नळ बंद, तरी पंप चालूच

बुडता पंप असेल तर एखाद्या नळाचा मायक्रोस्विच अडकून बसलाय. एकेका नळाच्या तारा सोडवत जा. ज्या नळाच्या तारा सोडवल्यावर पंप थांबेल, तो चोर.

प्रेशर पंप थांबतच नसेल, तर टाकी रिकामी आहे, किंवा टाकी ते पंप या भागात कुठेतरी हवा ओढली जातेय, किंवा व्होल्टेज कमी पडल्यामुळे पंप बंद होण्याच्या दाबापर्यंत पोचतच नाहीये. हे तिन्ही तपासूनही थांबला नाही, तर दाबाच्या स्विचवर संशय घ्या.

तोच पंप थांबतो, पण थोड्या थोड्या वेळाने आपोआप 'घर्र' करतो? म्हणजे दाब कुठूनतरी निसटतोय. एक तर बारीक गळती आहे, नाहीतर पंपातली पाणी मागे न जाऊ देणारी झडप झिजली आहे. इथे मोबाइल कामाला येतो. रात्री फोन पंपाजवळ ठेवून व्हॉइस रेकॉर्डर चालू करा. सकाळी आवाजाच्या आलेखात उंच रेषा मोजा. दोन तासांत एकदा आणि दर पाच मिनिटांनी एकदा, यात खूप फरक आहे. दुरुस्ती केल्यावर दुसऱ्या रात्री परत रेकॉर्ड करा. दोष गेला की नाही ते कानापेक्षा आलेख स्पष्ट सांगतो.

गाडीखालून पाणी वाहतंय!

थंडीत नवख्या मालकाची हमखास घाबरगुंडी उडते ती इथे. संध्याकाळी टाकी भरली, सकाळी गाडीखाली डबकं. ही बहुतेकदा गळती नसतेच.

हीटरजवळ एक सुरक्षा झडप असते. ट्रूमा कंपनीच्या फ्रॉस्टकंट्रोल झडपेचं उदाहरण घ्या: आजूबाजूचं तापमान साधारण ३ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ती आपोआप उघडते आणि हीटरमधलं पाणी बाहेर सोडून देते. पाणी गोठताना त्याचं आकारमान जवळपास ९ टक्क्यांनी वाढतं, आणि तेवढं हीटरची टाकी फोडायला पुरतं. थोडं पाणी गेलं, पण महागडा हीटर वाचला. परत बंद करायला झडपेजवळ साधारण ७ अंशांच्या वर तापमान लागतं. म्हणून आधी गाडी आतून गरम करा, मग झडप बंद करा. काही लोक ती चिमट्याने किंवा दोरीने दाबून ठेवतात. तसं करू नका, ती झडप हीटरचा विमा आहे.

खरी गळती कशी शोधायची?

खऱ्या गळतीचं नुकसान पाण्यापुरतं राहत नाही. ठिबकणारं पाणी प्लायवूडमध्ये मुरतं, लाकूड कुजतं, बुरशी येते. पाच युरोच्या जोडापायी हजारोंचं फर्निचर जातं.

पद्धत साधी: प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा, पंप चालवा आणि अर्ध्या तासाने बघा. डोकं घालायला जागा नसेल तर मोबाइलचा कॅमेरा आणि टॉर्च आत घाला. आणखी खोल बघायचं असेल तर फोनला जोडायचा बारीक एंडोस्कोप कॅमेरा स्वस्तात मिळतो.

दोन प्रकारचे पाइप सापडतात. मऊ पाइप क्लिपने आवळलेला असतो, तर कडक पाइप नुसता दाबून बसवायचा असतो.

- मऊ पाइप जोडाशी कडक झाला किंवा चिरला असेल, तर तेवढा तुकडा कापा, टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करा, पूर्ण आत सरकवा आणि नवी क्लिप लावा.
- कडक पाइप गळत असेल तर बहुतेकदा तो तिरका कापलेला असतो, किंवा पूर्ण आत गेलेला नसतो. धारदार कटरने सरळ कापा. जोडाच्या आत एक रबरी रिंग असते, पाइपच्या खरबरीत कडेने ती चिरते.
- रिंगला तेल किंवा साधं ग्रीस लावू नका. या कामातलं बरंचसं रबर खनिज तेलाने फुगतं. नळांसाठीचं सिलिकॉन ग्रीस वापरा.
- पाइप बदलायचाच असेल तर पिण्याच्या पाण्यासाठी मान्यता असलेलाच घ्या. बागेचा पाइप नको, पाण्याला प्लास्टिकचा वास येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पाणी पिण्याजोगं आहे का?

पंप, तारा, जोड सगळं सुधारलं तरी टाकी आतून बुळबुळीत असेल तर उपयोग काय? टाकीच्या आत हात फिरवून बघा. बोटांना चिकट थर लागला तर तो जंतूंचा थर आहे. त्यावरून नुसतं नवीन पाणी फिरवून तो जात नाही.

शॉवरचा धोका वेगळाच आहे. लिजिओनेला नावाचे जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात. ते मुख्यतः पाणी पिऊन नाही, तर शॉवरचे बारीक तुषार श्वासात गेल्यामुळे फुप्फुसात पोचतात. वयस्कर माणसांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना जास्त धोका. म्हणून आई-बाबा येणार असतील तर ही पायरी गाळू नका.

सफाई तीन टप्प्यांत:

*पहिला, घासणं.* टाकी रिकामी करा, मोठं गोल झाकण उघडा, मऊ ब्रशने घासा. तारेची घासणी नको, तिच्या ओरखड्यांत घाण पुन्हा बसते. पाइप फारच काळे पडले असतील तर बदललेले बरे.

*दुसरा, क्षार काढणं.* सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबाचं सत्त्व, थंड पाण्यात विरघळवून पाकिटावरच्या प्रमाणात वापरा. ते सगळ्या नळांपर्यंत पोचू द्या, काही तासांनी काढा आणि भरपूर पाण्याने खळबळून घ्या.

*तिसरा, जंतू मारणं.* वास किंवा साबण न मिसळलेलं साधं क्लोरीन ब्लीच. ५ टक्क्यांचं असेल तर लिटरमागे साधारण १ मिली, म्हणजे ६० लिटरच्या टाकीला ६० मिली. टक्केवारी कमी असेल तर त्या हिशेबाने जास्त. प्रत्येक नळातून वास येईपर्यंत पाणी सोडा, नळ बंद करून तीन-चार तास ठेवा, मग वास पूर्ण जाईपर्यंत धुवा. त्याआधी हीटरची पुस्तिका वाचा. स्टेनलेस स्टीलला क्लोरीनमुळे बारीक खड्डे पडू शकतात. पुस्तिकेत नाही म्हटलं असेल तर कॅम्परसाठी मिळणारं क्लोरीन नसलेलं औषध वापरा.

इथे थांबून नीट वाचा: ब्लीच आणि सायट्रिक अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद व्हॅनमध्ये तो जिवावर बेतू शकतो. दोन टप्प्यांच्या मध्ये अख्खी लाइन स्वच्छ पाण्याने धुवा, आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

त्यानंतरची शिस्त सोपी आहे. गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. हीटरला ४० आणि ६० अंश असे दोन पर्याय असतील तर अधूनमधून ६० वर ठेवून गरम पाणी सगळ्या नळांतून सोडा (हात सांभाळून!). कॅम्पसाइटवर पाणी भरताना स्वतःचा स्वच्छ पाइप वापरा. टॉयलेटची टाकी धुवायचा नळ वेगळा असतो, तिथला पाइप चुकूनही पिण्याच्या टाकीला लावू नका.

टाकी रिकामी, पण पॅनेल म्हणतं 'फुल'

जुन्या गाड्यांत लेव्हल मोजायला टाकीत वेगवेगळ्या लांबीच्या स्टीलच्या सळ्या असतात. पाणी जिथपर्यंत आहे तिथपर्यंतच्या सळ्यांमधून वीज वाहते आणि तेवढे दिवे लागतात. सळ्यांवर घाण-क्षार बसले, की पाणी नसतानाही ओलसर थरातून वीज वाहते आणि पॅनेल खोटं बोलतं. सळ्या सायट्रिक अ‍ॅसिडने पुसा. बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं.

स्वतः काय करायचं, काय नाही

पंप, मायक्रोस्विच, पाइप, सफाई हे सगळं घरच्या घरी होतं. मल्टीमीटर, पक्कड, पाइप कटर आणि एक शनिवार पुरतो. पण हीटरची गॅसची बाजू आणि २३० व्होल्टची वायरिंग यांना हात लावू नका, ते प्रमाणित मेकॅनिकचंच काम. आणि हिवाळ्यात गाडी उभी करताना टाकी रिकामी करा, झडपा उघड्या ठेवा आणि नळाचे दांडे मधोमध उघडे ठेवा, म्हणजे थंड-गरम दोन्ही पाइप मोकळे राहतात.

हे सगळं फक्त युरोपातल्या मंडळींसाठी नाही बरं का. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, आणि आपल्याकडेही टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या कॅम्पर दिसायला लागल्या आहेत. त्यांच्यातही हाच १२ व्होल्टचा पंप, हीच टाकी आणि हेच नळ. फरक एवढाच की आपल्याकडे गोठण्याची भीती नाही, पण उकाड्यात टाकीतलं पाणी कोमट होऊन जंतू लवकर वाढतात. म्हणून कोकणात निघालेल्या व्हॅनची टाकी आल्प्सला निघालेल्या व्हॅनपेक्षा जास्त वेळा रिकामी करून धुवायला हवी.